मागच्या डब्यातले बाबा

डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर रेल्वेच्या हिशेबानं ४८ किलोमीटर. अजिंक्य रहाणे सात-आठ वर्षांचा असताना क्रिकेटपायी एवढा प्रवास लोकलनं करायला लागला. त्यानं मोठेपणी मुलाखतीत सांगितलेली हकीकत अशी : पहिल्या दिवशी वडील सोबत आले, सीएसएमटीपर्यंत पोचवून गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तुझा तू जा. पोरगा एकटा गाडीत चढला, एकटा उतरला. वडील मात्र त्याच गाडीत होते, मागच्या डब्यात. मुलाला जमतंय का, ते पाहत होते. जमतंय अशी खात्री पटली तेव्हा त्यांनी आपल्या कामाचा रस्ता धरला.

एवढीच गोष्ट. यात कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही, साधा एक चेंडूसुद्धा टाकला जात नाही. तरी ती सांगताना सांगणाऱ्याचा आवाज बदलतो आणि ऐकणारा दुसरीकडे बघायला लागतो. ठाण्याच्या पलीकडे राहणाऱ्या किती जणांना मी ती सांगून पाहिली आहे. एकही जण कोरडा राहिलेला नाही.

खेळावरचा सिनेमा पाहताना आपलं जे होतं, ते नेमकं हेच. 'इक्बाल', 'दंगल', 'जर्सी', '८३'. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. आपलं माणूस जिंकणार, हे पोस्टरवरच कळलेलं असतं. तरी दिवे लागतात तेव्हा अर्धी रांग चष्मे पुसत असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपले वडील आठवलेले असतात. ज्यांच्या वडिलांनी जन्मात कधी आखाड्यात पाय ठेवला नाही किंवा पॅड बांधले नाहीत, त्यांनाही. याचं मला फार वर्षं आश्चर्य वाटत आलं आहे. हरयाणातल्या पहिलवानाकडे बघून डोंबिवलीतल्या बँकेच्या कारकुनाची आठवण का यावी?

फ्रँको मोरेत्ती या इटालियन समीक्षकानं वाचकाला रडवणाऱ्या पुस्तकांचा अभ्यास करताना एक गोष्ट हेरली. दुःखामुळे रडू येतं असं आपण धरून चालतो. पण दुःख पुस्तकभर पसरलेलं असतं, आणि डोळे भरतात ते एका ठरावीक जागी. वाचकाला आधीपासून माहीत असलेली गोष्ट पात्राला अखेर उमगते, ती ही जागा. तोवर आपल्याला सगळं कळत असतं आणि काही करता येत नसतं. १९८६ मध्ये स्टीव्ह नील या ब्रिटिश अभ्यासकानं हे सूत्र सिनेमाला लावून दाखवलं. प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय माहीत आहे, यात अंतर ठेवायचं, ते ताणत न्यायचं आणि मग एका क्षणी मिटवायचं. मिटायला उशीर झाला तर अश्रू. उशीर होता होता टळला, तरीही अश्रू.

आता पुन्हा त्या लोकलकडे बघा. पुढच्या डब्यातल्या मुलाला वाटतंय, आपण एकटे आहोत. मागच्या डब्यातल्या माणसाला माहीत आहे, तो एकटा नाही. खऱ्या आयुष्यात कुठल्याच मुलाला दोन्ही डबे एका वेळी दिसत नाहीत; कॅमेऱ्याला दिसतात. माझ्या मते खेळावरच्या सिनेमाची सगळी ताकद इथे आहे. तो विजय दाखवायला म्हणून आपल्याला नेतो आणि मागचा डबा दाखवून आणतो.

'दंगल'चा शेवट या नजरेनं पुन्हा पाहण्यासारखा आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटाच्या अंतिम लढतीत गीता फोगाटनं ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला हरवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. प्रत्यक्षातली लढत बरीच एकतर्फी झाली होती. सिनेमात ती शेवटच्या सेकंदापर्यंत ताणली आहे. एवढं कुठलाही दिग्दर्शक करेल. नितेश तिवारींची खरी करामत वेगळी. त्यांनी ऐन लढतीच्या वेळी बापाला एका खोलीत कोंडून घातलं. असं काही प्रत्यक्षात घडलेलं नाही, आणि त्यावरून टीकाही झाली. पण पटकथेला त्या खोलीची गरज होती. खोली नसती तर बाप प्रेक्षकांत बसला असता, मुलगी जिंकली असती, त्यानं टाळ्या वाजवल्या असत्या, आणि आपणही वाजवून घरी आलो असतो.

खोलीमुळे काय झालं? मुलीची नजर प्रेक्षकांत बापाला शोधते आणि तो तिला सापडत नाही. बापाला लढत दिसत नाही. दोघंही दिसतात फक्त आपल्याला. मग मुलीला आठवतं ते लहानपणी पाण्यात ढकलून दिलेलं, दर वेळी मी वाचवायला नसेन हे बापाचं शिकवणं. म्हणजे 'आता तुझा तू जा' हेच. ती जिंकते. आणि बापाला ते कसं कळतं? कुणी धावत येऊन सांगत नाही. भिंतीपलीकडून राष्ट्रगीताचे सूर येतात. आपल्या खेळाडूला सुवर्ण मिळाल्याशिवाय ते वाजत नाहीत, एवढ्यावरून तो ओळखतो. दोन जाणिवांमधलं अंतर त्या सुरांनी मिटतं, आणि थिएटरात रुमाल निघतात.

'जर्सी' आणखी जवळची. गौतम तिन्नानुरींनी ती २०१९ मध्ये तेलुगूत केली, मग हिंदीत. मुलाच्या वाढदिवसाला पाचशे रुपयांची जर्सी घेऊ न शकणारा, नोकरी गेलेला, छत्तिशीतला बाप पुन्हा बॅट हातात घेतो. संघात निवड होते तेव्हा तो घरी जात नाही. रेल्वे स्टेशनवर जातो, गाडी धडधडत फलाटात शिरेपर्यंत थांबतो आणि तिच्या आवाजात आपली आरोळी सोडतो. फलाटावर ती कुणाला ऐकू जात नाही. ज्यांचं निम्मं आयुष्य फलाटावर गेलं, त्यांना या प्रसंगाचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. आनंद झाला तरी तो गाडीच्या आवाजाखाली झाकायचा, ही सवय असलेले कितीतरी पुरुष आपण पाहिलेत.

मन असं गुंतलेलं असताना शरीरात काय चाललेलं असतं, तेही चकित करणारं आहे. जे एफ्रन आणि टिमोथी स्पँगलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मोठ्या माणसांच्या रडण्यावर एक उपपत्ती मांडली. ताण चढत असताना माणूस रडत नाही. ताण एकदम उतरतो, तेव्हा रडतो. ठाणे स्टेशनच्या गर्दीत मूल हरवलेली बाई शोधताना रडत नाही; मूल सापडल्यावर हंबरडा फोडते. यामागे शरीररचनाही आहे. धावपळ, घाम, धडधड हा अनुकंपी चेतासंस्थेचा कारभार. अश्रुग्रंथींना पाझरायला लावणारे तंतू मुख्यत्वे परानुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे शरीर सैलावण्याच्या बाजूचे. खेळावरचा सिनेमा तासभर आपल्याला मुठी आवळायला लावतो आणि शेवटी त्या सोडवतो. शेवटचा फटका, शेवटचा डाव, मग स्कोअरबोर्ड, मग पॅव्हेलियनकडे वळणारी नजर. मुठी सुटतात नेमक्या त्याच क्षणी बापाचा चेहरा पडद्यावर येतो.

भरतमुनींना यातलं बरंच ठाऊक होतं. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. अभिनयानं वरवर आणता येत नाहीत, आतून यावे लागतात, असे हे भाव. त्यातले अश्रू फक्त शोकाच्या नावावर लिहिलेले नाहीत. आनंदातूनही ते येतात, हे तिथे नोंदलेलं आहे. खेळाच्या सिनेमाचा वरचा थर वीररसाचा, त्याचा स्थायीभाव उत्साह. खाली वाहतं वात्सल्य, ज्याला चौदाव्या शतकात विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त वेगळ्या रसाचा मान दिला. वीररस चढतो तोवर अंगावर रोमांच. खालचं वात्सल्य वर आलं की अश्रू. अॅलन फिस्क, थॉमस शुबर्ट आणि बेआटे झाइब्ट हे आजचे अभ्यासक याच अनुभवाच्या मागे आहेत. १९ देश आणि १५ भाषांमधल्या लोकांकडून मिळालेल्या उत्तरांत त्यांना सारखाच नमुना दिसला : आपलेपणा एकाएकी दाटून आला की छातीत ऊब, अंगावर काटा आणि डोळ्यांत पाणी.

रडून बरं वाटतं का? नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० जणांना 'हाची' आणि 'लाइफ इज ब्युटिफुल' दाखवले. दुसरा सिनेमा तर छळछावणीतल्या बापाचाच. जे रडले त्यांची मनःस्थिती सिनेमा संपताच खालावलेली होती. वीसेक मिनिटांत ती पूर्ववत झाली. आणि दीड तासानंतर ते सिनेमाच्या आधीपेक्षाही प्रसन्न होते. न रडलेल्यांच्या मनःस्थितीत फरकच पडला नव्हता. दीड तास म्हणजे सीएसएमटीहून धीम्या लोकलनं कल्याण गाठायला साधारण लागतो तेवढा वेळ.

पण प्रश्न उरतोच : वडीलच का आठवतात?

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली, आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. शंभरेक वर्षांनी त्याच रुळांनी इथल्या वडिलांची एक जात घडवली. गिरगाव-दादरची चाळ सोडून डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात दोन खोल्या घेतलेली माणसं. घर इथे, नोकरी तिकडे. बँकेत, मंत्रालयात, रेल्वेत, कापडगिरणीच्या ऑफिसात. रहाणेचे वडील बेस्टमध्ये. मुलं उठायच्या आत निघायचं, ती जेवायला बसली की परतायचं. त्यांच्या दिवसाचे दोन-तीन तास गाडीत जात, आणि ते तास घरच्यांना कधी दिसत नसत. मुलांच्या वाट्याला यायचे ते रविवारचे बाबा.

या बाबांना मुलाशी काय बोलायचं हे बहुधा सुचत नसे. क्रिकेटबद्दल मात्र बोलता यायचं. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये क्रीडापान असं उभं केलं होतं की गाडीत त्या पानासाठी पेपराचे भाग पडत. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन आकाशवाणीवर लागे, तेव्हा ट्रान्झिस्टर मधे ठेवून बाप आणि मुलगा एका जागी तासन्‌तास बसू शकत. आमच्याकडे बाबा पेपराच्या कडेला पेन्सिलीनं धावा मांडत आणि मधेच मला विचारत, फॉलोऑन टळायला किती हवेत? मी हिशेब करून सांगायचो. उत्तर त्यांना आधीच माहीत असे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

स्मृतीचे अभ्यासक सांगतात की उतारवयात आयुष्याकडे पाहताना माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी सर्वांत दाट येतात. खेळाचं वेड लागतं ते याच वर्षांच्या आरंभी, आणि त्या वयात बॅट, रेडिओ, पेपर, पडदा या सगळ्यांच्या शेजारी वडील बसलेले असतात. पुढे त्यातलं एक काही समोर आलं की बाकीचं न बोलावता येतं. शिवाय मधल्या काळात आपली जागा बदललेली असते. २००५ मध्ये 'इक्बाल' लागला तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा श्रेयस तळपदेच्या बाजूनं बसला होता. क्रिकेटला विरोध करणारा शेतकरी बाप त्याला आडमुठा वाटला होता. तोच मुलगा आज पस्तिशीत तो सिनेमा लावतो, आणि मुलाच्या वेडापेक्षा त्या बापाची काळजी त्याला आधी दिसते.

अमेरिकेत हे काम 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या १९८९ च्या सिनेमानं केलं. आयोवातला एक शेतकरी मक्याचं उभं पीक काढून तिथे बेसबॉलचं मैदान करतो, आणि शेवटी मैदानात उभा असलेला तरुण खेळाडू म्हणजे आपले कधीच वारलेले वडील आहेत, हे त्याला कळतं. तो त्यांना म्हणतो, थोडा वेळ चेंडू टाकून झेल खेळू या का? डायर्सव्हिल गावातलं ते मैदान अजून आहे, आणि लोक मुद्दाम तिथे जाऊन झेल खेळतात.

आपल्याकडे याच्या तोडीचं काही घडलं असेल, तर ते कबीर खानच्या '८३' मध्ये. संदीप पाटीलची भूमिका केली त्याचा मुलगा चिराग पाटीलनं, आणि वेस्ट इंडीजच्या माल्कम मार्शलची त्याचा मुलगा माली मार्शलनं. १९८३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडविरुद्ध संदीप पाटीलनं नाबाद ५१ धावा काढल्या होत्या. वडिलांचे फटके वडिलांच्याच नावानं खेळायचे, त्यांच्या वयाचं होऊन खेळायचे, हे भाग्य किती मुलांना मिळतं? आणि माल्कम मार्शल तर १९९९ मध्येच गेला होता. मालीनं गोलंदाजीसाठी धाव घेतली, तेव्हा त्याला दाद द्यायला तो नव्हता.

त्याच १९९९ च्या मे महिन्यात, विश्वचषक चालू असताना, रमेश तेंडुलकर गेले. मराठीचे प्राध्यापक, कवी. सचिन इंग्लंडहून घरी आला, अंत्यसंस्कार करून परत गेला, आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. शतक झाल्यावर त्यानं वर पाहिलं. ती नजर नंतर प्रत्येक शतकाला वर जात राहिली. क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणाऱ्या आजीलाही तो क्षण कळला होता.

मला मात्र जास्त घेरतो तो २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा, कारण तिथे सगळे धागे एकत्र येतात. २० नोव्हेंबरला वेगवान गोलंदाज मोहम्मद सिराजचे वडील हैदराबादेत वारले. रिक्षा चालवून त्यांनी मुलाला वाढवलं होतं. सिराज सिडनीत विलगीकरणात होता. घरी जायची मुभा मिळूनही तो थांबला. अॅडिलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, विराट कोहली ठरल्याप्रमाणे मायदेशी परतला, आणि संघाची धुरा आली डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेकडे. मेलबर्नला रहाणेनं ११२ केल्या, सिराजनं त्याच सामन्यात कसोटी पदार्पण केलं, भारत आठ गडी राखून जिंकला. ७ जानेवारीला सिडनीत राष्ट्रगीत सुरू झालं आणि सिराजचे डोळे वाहायला लागले. वडील आठवले, असं त्यानं नंतर सांगितलं. मुलाला कसोटी खेळताना पाहायची त्यांची इच्छा होती. पटकथाकारांनी 'दंगल'मध्ये भिंतीपलीकडून बापापर्यंत नेलेलं राष्ट्रगीत इथे खऱ्या मैदानावर मुलाला बापापर्यंत घेऊन गेलं. १९ जानेवारीला ब्रिस्बेनचा सामना जिंकून मालिका २-१ नं खिशात पडली. त्यात सिराजचे एका डावात पाच बळी. हैदराबादेत उतरल्यावर तो विमानतळावरून थेट कबरीवर गेला. या दौऱ्यावर नीरज पांडेनं 'बंदों में था दम' ही माहितीपट-मालिका केली. ती पाहताना सिराजच्या प्रसंगी रहाणेच्या चेहऱ्याकडेही पाहा. हा कर्णधार फारसा बोलत नाही, पण मागे कुणीतरी असणं म्हणजे काय, हे तो लहानपणीच शिकलेला आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रहाणेच्या आठवणींत आईही आहे. रिक्षाला पैसे नसत, म्हणून एका कडेवर धाकटा भाऊ आणि दुसऱ्या हातात किट घेऊन ती त्याला सरावाला चालत न्यायची. खेळाच्या सिनेमांनी या आईला फार थोडी जागा दिली आहे. बाप दुरून पाहतो, म्हणून कॅमेऱ्याला तो सापडतो; आई इतकी जवळ असते की चौकटीत मावत नाही. माझ्यासाठी त्या किटचं ओझं मागच्या डब्याइतकंच मोठं आहे, आणि कुणीतरी ते पडद्यावर आणावं.

डोंबिवलीशी नातं असलेला आणखी एक माजी कर्णधार आहे, रोहित शर्मा. वडील वाहतूक कंपनीत कामाला, मिळकत तुटपुंजी, म्हणून रोहित बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. आई-वडील डोंबिवलीत एका खोलीत राहायचे. शनिवार-रविवारी तो त्यांच्याकडे यायचा, म्हणजे दादरला पश्चिम रेल्वेतून उतरून मध्य रेल्वेची गाडी धरायची. १६ मे २०२५ रोजी वानखेडेवर त्याच्या नावाच्या स्टँडचं अनावरण झालं, तेव्हा कळ दाबायला त्यानं त्याच आई-वडिलांना पुढे बोलावलं. कसोटीतून निवृत्त होऊन त्याला जेमतेम नऊ दिवस झाले होते. पुढच्याच महिन्यात एका पुस्तकाच्या प्रकाशनात तो वडिलांबद्दल मोकळेपणानं बोलला. ते पहिल्यापासून कसोटी क्रिकेटचे भक्त. २०१४ मध्ये त्यानं ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध २६४ धावांचा एकदिवसीय विक्रम केला, त्याचंही त्यांना फारसं अप्रूप वाटलं नव्हतं. कसोटीत तीस-चाळीस धावा केल्या तरी मात्र ते त्याच्याशी सविस्तर बोलायचे. निवृत्तीची बातमी कळली तेव्हा थोडे खट्टू झाले, असं त्यानं सांगितलं, आणि खूशही झाले.